पापणी लवणारा गँगस्टर

१९३० साली हॉलिवूडमध्ये ‘लिटल सीझर’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सिनेमा गुंडांचा, त्यामुळे पिस्तुलाचे बार ठरलेलेच. अडचण एकच होती. नायकाने चाप ओढला आणि बार झाला, की त्याचे डोळे घट्ट मिटायचे. काडतुसं खोटी आहेत, समोर कोणाला काही होणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरीही पापण्या ऐकत नव्हत्या. शॉट पुन्हा घ्यावा, तर पुन्हा तेच. शेवटी दिग्दर्शक मर्विन लरॉय याच्या युनिटने तोडगा काढला. नटाच्या वरच्या पापण्यांना चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून त्या वर ताणून धरल्या. आता मिटायचं म्हटलं तरी डोळे मिटेनात. पडद्यावर दिसला तो पापणीसुद्धा न लवू देता माणूस मारणारा थंड रक्ताचा रिको. जानेवारी १९३१ मध्ये सिनेमा लागला आणि अमेरिकेला तिचा पहिला मोठा बोलपटी गँगस्टर मिळाला.

त्या नटाचं नाव एडवर्ड जी. रॉबिन्सन. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या आसपास, अंगाने गिड्डा, चेहरा बसका, ओठ जाड. हॉलिवूडच्या त्या काळातल्या रुबाबदार नायकांच्या रांगेत तो कुठेच बसणारा नव्हता. तरीही पुढची चाळीस वर्षं ‘दरारा’ या शब्दाला पडद्यावर जो चेहरा होता, त्यात रॉबिन्सनचा वाटा फार मोठा आहे. हा दरारा आला कुठून? बंदुकीच्या आवाजाने दचकणाऱ्या, घरी चित्रं आणि संगीत यांत रमणाऱ्या या माणसाला गुंडाच्या मनात इतक्या सहज शिरता कसं आलं? माझ्या मते त्याचं उत्तर त्याच्या मुठींत नाही, त्याच्या भुकेत आहे. आपण कोणीतरी आहोत हे जगाने मान्य करावं, ही भूक. ती त्याला पुस्तकात वाचून कळलेली नव्हती, तो ती बरोबर घेऊनच अमेरिकेत आला होता.

१२ डिसेंबर १८९३ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे एका यिद्दिश बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मूळ नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग. त्या काळच्या रुमानियात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बहुतेक ज्यूंनाही नागरिकत्व नव्हतं आणि रस्त्यावरचा द्वेष तर रोजचाच होता. त्याच्या एका भावावर जमावाने हल्ला केला, तेव्हा घरच्यांनी देश सोडायचं ठरवलं. छोटा इमॅन्युएल न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा दहा वर्षांचा होता. इंग्रजीचा गंध नव्हता. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या वस्तीत त्याचं बालपण गेलं. या वस्तीत शेजारी अर्ध्या युरोपातून आलेले असायचे. तिथे पोरगं एकाच वेळी चार भाषा कानाने उचलतं, आणि कोणाच्या बोलण्यात राग कुठे दडलाय, भीती कुठे दडलीये, हेही उचलतं.

सिटी कॉलेजात शिकताना त्याच्या डोक्यात वकिलीचे विचार होते. भाषण करायची हौस होती, आवाज खणखणीत होता. पण कॉलेजच्या नाट्यमंडळाने त्याला ओढून घेतलं आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्‌स या नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली. नाटकवाल्या जगात ‘गोल्डनबर्ग’ चालायचं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने एका नाटकात कानावर पडलेलं ‘रॉबिन्सन’ हे आडनाव घेतलं, इमॅन्युएलचा एडवर्ड केला. पण मधलं ‘जी’ मात्र त्याने आयुष्यभर सोडलं नाही. ते ‘जी’ म्हणजे गोल्डनबर्ग. पोस्टरवर, श्रेयनामावलीत, पुढे पोस्टाच्या तिकिटावरही ते अक्षर राहिलं. बापाचं नाव त्याने एका अक्षरात सांभाळलं.

१९१५ साली तो ब्रॉडवेवर आला आणि पुढची पंधरा वर्षं मुख्यतः रंगभूमीवरच राहिला. अनेक भाषा येत असल्याने परदेशी पात्रं त्याच्याकडे हमखास यायची. म्हातारे, पुढारी, परके, लबाड असं सगळं तो करी. थिएटर गिल्डसारख्या नामांकित संस्थेच्या नाटकांत त्याने कामं केली. १९२७ साली ‘द रॅकेट’ या नाटकात त्याने गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या केला आणि सिनेमावाल्यांचं लक्ष गेलं. म्हणजे ‘लिटल सीझर’ आला तेव्हा रॉबिन्सन सदतिशीचा, घोटून तयार झालेला नट होता. पडद्यावरचा तो आडदांड गावंढळ गुंड प्रत्यक्षात रंगभूमीच्या शिस्तीतून आलेला, शिकलेला माणूस होता.

हा सिनेमा नेमका त्याच वेळी का गाजला, यालाही कारणं आहेत. बोलपट येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. गोळ्यांचा आवाज, टायरांचा करकराट, गुंडाची तुटक भाषा हे सगळं प्रेक्षकांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि चोरट्या दारूच्या धंद्यावर पोसलेल्या टोळ्यांच्या बातम्या रोज पहिल्या पानावर असत. त्यात १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर लाखो माणसं बेकार झालेली. कष्ट करा, वर याल, हे वचन मोडलं होतं. अशा वेळी डब्ल्यू. आर. बर्नेट याच्या कादंबरीवरून बेतलेला रिको पडद्यावर येतो आणि कोणाची परवानगी न मागता वर चढत जातो. थिएटरात बसलेल्या माणसाला त्याची भीतीही वाटायची आणि कुठेतरी तो आपलाही वाटायचा.

रिको नीट पाहा. सिनेमाच्या सुरुवातीला तो एका आडगावच्या पेट्रोल पंपावर दरोडा घालतो आणि मग मित्राबरोबर खाणावळीत जेवायला बसतो. बसण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे सरकवतो, म्हणजे दरोड्याच्या वेळी आपण इथेच होतो असा पुरावा तयार. मग त्याला वर्तमानपत्र दिसतं. त्यात शहरातल्या एका बड्या गुंडाला दिलेल्या मेजवानीची बातमी आहे. रिकोची नजर त्या बातमीवर खिळते. पैशापेक्षा, बाईपेक्षा, दारूपेक्षा त्याला ती मेजवानी हवी असते, छापून आलेलं ते नाव हवं असतं. दारूला तर तो शिवतच नाही. पुढे त्याच्याही सन्मानाची मेजवानी होते, त्याला घड्याळ भेट मिळतं. घड्याळ चोरीचं निघतं. मानसुद्धा चोरीचाच, हे दिग्दर्शकाने एका वस्तूत सांगून टाकलं आहे. रॉबिन्सन हे सगळं करताना हनुवटी किंचित वर धरतो, टोपी चढवताना दोन्ही हातांनी तिची कड नीट बसवतो. अजून मोठ्या माणसाचे कपडे अंगाला सरावलेले नाहीत, हे त्यातून कळतं.

आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहतो. रिकोचा जिवाभावाचा मित्र ज्यो धंदा सोडून नाचाच्या व्यवसायात गेलाय, आता तो पोलिसांपुढे तोंड उघडणार. रिको त्याला ठार मारायला येतो. पिस्तूल रोखतो, पुढे सरकतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ. आणि डोळ्यांत पाणी तरारतं. चित्र धूसर होतं, रिको मागे मागे सरकू लागतो. चाप ओढला जात नाही. सबंध सिनेमात पापणी न लवलेला माणूस एका मित्रासमोर हरतो, आणि तिथूनच त्याची उतरण सुरू होते. चिकटपट्टीने ताणून धरलेल्या डोळ्यांतून क्रौर्य उसनं आणता आलं असेल. हे पाणी मात्र नटाने आतून आणलेलं आहे. रॉबिन्सनचा गुंड इतर गुंडांहून वेगळा झाला तो इथे.

‘लिटल सीझर’ पाठोपाठ त्याच वर्षी जेम्स कॅग्नीचा ‘द पब्लिक एनिमी’ आला आणि १९३२ मध्ये पॉल म्युनीचा ‘स्कारफेस’. या तीन सिनेमांनी गँगस्टरपटाचा साचा पाडला. कॅग्नीकडे नर्तकाचं चपळ अंग होतं, म्युनीकडे रंगीबेरंगी रानटीपणा. रॉबिन्सनकडे थांबणं होतं. तो समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत सिगार तोंडात धरून नुसता बघतो, आणि त्या बघण्याचंच दडपण येतं. त्याच्या बोलण्याची नक्कल घराघरात होऊ लागली. पुढे कार्टूनमधल्या बग्ज बनीच्या गोष्टींतही त्याच्यासारखा गुंड आला. नक्कल एवढी पसरली, की मूळ माणूस त्याखाली झाकला जायची वेळ आली.

रॉबिन्सनला ते मान्य नव्हतं. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेली नीतिसंहिता कडक झाली आणि गुंडाला नायक करणं अवघड झालं. इतरांना ती अडचण वाटली असेल, रॉबिन्सनला त्यातून वाट मिळाली. १९३५ साली जॉन फोर्डच्या ‘द होल टाउन्स टॉकिंग’ मध्ये त्याने दुहेरी भूमिका केली, एक भित्रा कारकून आणि त्याच्यासारखाच दिसणारा खुनी. दोघे एकाच दृश्यात समोरासमोर येतात, तेव्हा कारकुनाचे खांदे कुठे पडतात आणि खुन्याची मान कुठे ताठते, एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. पुढच्या वर्षी ‘बुलेट्‌स ऑर बॅलट्‌स’ मध्ये तो पोलीस झाला, समोर गुंड म्हणून तेव्हा दुय्यम भूमिका करणारा हम्फ्री बोगार्ट.

बुखारेस्टमधून पळून आलेल्या या मुलाला युरोपात काय चाललंय हे न दिसणं शक्यच नव्हतं. १९३९ साली वॉर्नर ब्रदर्सने ‘कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय’ काढला. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओने नाझींचं उघड नाव घेऊन त्यांच्याविरुद्ध काढलेला हा पहिलाच सिनेमा. जर्मनीची बाजारपेठ गमवायची नव्हती म्हणून इतर स्टुडिओ तोवर गप्प होते. रॉबिन्सनने हेरांचा छडा लावणाऱ्या एफबीआयच्या अधिकाऱ्याची भूमिका आपण होऊन मागून घेतली. १९४० मध्ये त्याने ‘डॉ. एरलिख्स मॅजिक बुलेट’ केला. पॉल एरलिख हा जर्मन ज्यू शास्त्रज्ञ, उपदंशावरचं पहिलं परिणामकारक औषध शोधणारा. हिटलर ज्या लोकांना माणसात धरत नव्हता, त्यांच्यातल्या एकाने जगाला काय दिलं, हे दाखवणारा तो सिनेमा होता आणि रॉबिन्सनला स्वतःच्या कामांत तो फार प्रिय होता. युद्धकाळात त्याने अनेक भाषांतून युरोपसाठी रेडिओवर भाषणं केली, सैनिकांसमोर कार्यक्रम केले. १९३९ ते १९४९ या दहा वर्षांत त्याने युद्धमदत, शिक्षण, धर्म, संस्कृती अशा कामांतल्या सुमारे ८५० संस्थांना अडीच लाख डॉलरहून अधिक देणग्या दिल्या. या देणग्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१९४४ साली बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ आला. यात रॉबिन्सनचं नाव श्रेयनामावलीत तिसरं होतं, आणि एका मोठ्या नायकाला ही पायरी उतरणं सोपं नव्हतं. तो ती उतरला आणि माझ्या दृष्टीने त्याने आपलं सर्वांत मोठं काम केलं. त्याचा बार्टन कीज हा विमा कंपनीतला दाव्यांची तपासणी करणारा अधिकारी. हातात बंदूक नाही, अंगात जरासा अजागळ कोट, तोंडात कायम सिगार. पण खोटा दावा समोर आला की त्याच्या पोटात ढवळायला लागतं. एका दृश्यात वरिष्ठ साहेब ठरवून टाकतात, की मयताने चालत्या रेल्वेतून उडी मारून आत्महत्या केली. कीज उभा राहतो आणि एका दमात आत्महत्यांची वर्गवारी ऐकवतो. वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, दिवसाच्या प्रहरानुसार, विषाच्या प्रकारानुसार. आणि मग सांगतो, की ताशी पंधरा मैलांच्या गाडीच्या मागच्या टोकावरून कोणी जीव द्यायला उडी मारत नाही. निव्वळ आकडेवारीचं हे भाषण रॉबिन्सनने असं म्हटलंय, की वाद्याची जलद लय ऐकावी. कुठेही श्वास तुटत नाही, आणि प्रत्येक आकडा समोरच्या साहेबाच्या छातीवर बोट ठेवावं तसा येतो.

या सिनेमात एक लहानशी वस्तू फिरत राहते, काडी. कीजकडे सिगार असते, काडी कधीच नसते. तो खिसे चाचपतो, आणि समोरचा तरुण विमा विक्रेता वॉल्टर नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. हे पुन्हा पुन्हा घडतं, कोणी त्यावर बोलत नाही. नेफ हाच खुनी आहे. सगळ्यांचं खोटं पकडणाऱ्या कीजला टेबलापलीकडे बसलेल्या या मुलाचं खोटं दिसत नाही, कारण त्याच्यावर त्याची माया आहे. शेवटी गोळी लागलेला नेफ ऑफिसच्या दारात कोसळतो, थरथरत्या हाताने सिगारेट ओठात धरतो, आणि त्याला काडी ओढता येत नाही. कीज खाली वाकतो, काडी ओढतो आणि त्याची सिगारेट पेटवून देतो. वाइल्डरने याच्या पुढचा मृत्युदंडाचा प्रसंगही चित्रित केला होता, पण तो गाळून टाकला. काडीनंतर सांगण्यासारखं काही उरतच नव्हतं. या सिनेमाला ऑस्करची सात नामांकनं मिळाली. रॉबिन्सनला एकही नाही. त्या वर्षी नाही, आणि नंतरही स्पर्धेतलं नामांकन त्याला कधीच मिळालं नाही.

लगेच पुढे जर्मनीतून निघून आलेल्या दिग्दर्शक फ्रिट्झ लँगबरोबर त्याने दोन सिनेमे केले, ‘द वूमन इन द विंडो’ आणि १९४५ चा ‘स्कार्लेट स्ट्रीट’. दुसऱ्याची सुरुवात मेजवानीने होते. पंचवीस वर्षं इमाने-इतबारे नोकरी केलेल्या ख्रिस्तोफर क्रॉस या कॅशियरला मालक सोन्याचं घड्याळ भेट देतो. रिकोची मेजवानी ज्यांना आठवते, त्यांना इथे गलबलून येतं. तोच चेहरा, तशीच भेट, पण हा माणूस चोरी न करता पंचवीस वर्षं राबलाय आणि तरी त्याच्याकडे काहीच नाही. दर रविवारी तो चित्रं काढतो, तीही घरातल्या न्हाणीघरात, कारण बायकोला त्याचा तिटकारा. एका लबाड मुलीच्या नादी लागून तो पैसे चोरतो, त्याची चित्रं तिच्या नावावर विकली जातात, शेवटी त्याच्या हातून तिचा खून होतो आणि देहदंड दुसऱ्यालाच होतो. गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा होत नाही म्हणून न्यूयॉर्क राज्यात या सिनेमावर सुरुवातीला बंदी आली. पण सिनेमाच्या शेवटी रस्त्यावर भटकणारा, कानात मेलेल्यांचे आवाज ऐकणारा तो म्हातारा पाहिला, की याहून मोठी शिक्षा कोणती, असा प्रश्न पडतो.

रविवारी चित्रं काढणारा माणूस साकारताना रॉबिन्सनला फार शोध घ्यावा लागला नसेल. चित्रकला हे त्याचं दुसरं आयुष्य होतं. गुंडांच्या भूमिकांतून आलेला पैसा त्याने चित्रांत घातला, आणि तो लहर म्हणून नव्हे. सेझानचं ‘काळं घड्याळ’, व्हॅन गॉगने काढलेलं रंगविक्रेत्या तांगी म्हाताऱ्याचं व्यक्तिचित्र, मातीसचं जेवणाचं टेबल, रेन्वा, देगा, रुओ हे त्याच्या बेव्हर्ली हिल्सच्या घरात होते. त्यासाठी त्याने घराला वेगळं दालन जोडलं आणि चित्रं पाहायला येणाऱ्यांना ते खुलं ठेवलं. १९५३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या संग्रहातल्या ४० चित्रांचं प्रदर्शन भरवलं. १९५६ मध्ये एका टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्याने आणि भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइस याने चित्रकलेवरच्या प्रश्नांना उत्तरं दिली. दोघे बरोबरीत सुटले. सिनेमात माणसं मारणारे हे दोघे, आणि घरोघरचे लोक त्यांच्याकडून चित्रांविषयी ऐकत बसलेले.

१९४८ साली जॉन ह्यूस्टनच्या ‘की लार्गो’ मध्ये तो पुन्हा गुंड झाला. आता नायक होता बोगार्ट, आणि रॉबिन्सन हद्दपार झालेला जुना टोळीप्रमुख जॉनी रोको. त्याची पहिली भेट होते ती आंघोळीच्या टबात. पाण्यात बसलेला, तोंडात सिगार, बाजूला पंखा भिरभिरतोय. चिखलात पडून राहिलेला एखादा जुना प्राणी असावा तसा. ‘तुला नेमकं हवंय तरी काय’ असा विषय निघतो, तेव्हा बोगार्टचं पात्र त्याच्या वतीने उत्तर देतं, याला ‘आणखी’ हवंय. रोकोचा चेहरा उजळतो. होय, तेच, आणखी. कधी पुरेसं झालं का, तर नाही. रिकोच्या मेजवानीपासून सुरू झालेली भूक सतरा वर्षांनी एका शब्दात आली. आणि रात्री चक्रीवादळ येतं, हॉटेलच्या खिडक्या थडथडू लागतात, तेव्हा याच रोकोच्या डोळ्यांत भीती उतरते. वाऱ्याला पिस्तूल दाखवून उपयोग नसतो.

पडद्याबाहेर खरं वादळ तेव्हाच घोंघावू लागलं होतं. अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाची लाट आली. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली, तिच्यात कलाक्षेत्रातल्या १५१ जणांची नावं संशयित म्हणून छापली. रॉबिन्सनचंही होतं. तो कधीच कम्युनिस्ट पक्षाचा सभासद नव्हता. पण ज्या शेकडो संस्थांना त्याने देणग्या दिल्या होत्या, त्यांतल्या काही आता डाव्या ठरवल्या गेल्या. नाझींविरुद्ध दिलेला चेक दहा वर्षांनी आरोपपत्र झाला. त्याने आपण होऊन अशी चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे जाऊन सगळा हिशोब मांडला, तरी कामं येईनात. मोठ्या स्टुडिओंचे फोन बंद झाले. १९५२ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा समितीपुढे उभा राहिला, आपण फसवले गेलो असं कबूल केलं, आधीच जगजाहीर झालेली काही नावं घेतली आणि मग तशाच आशयाचा एक लेख स्वतःच्या नावाने छापू दिला.

त्याच्यावर प्रेम करणाऱ्यालाही हा भाग वगळता येणार नाही. पडद्यावर कोणापुढे न झुकलेला माणूस इथे झुकला. पण मला त्या झुकण्यात भ्याडपणा दिसत नाही. मला तो दहा वर्षांचा मुलगा दिसतो, ज्याच्या कुटुंबाला एका देशाने ‘तुम्ही आमचे नाही’ असं सांगितलं होतं. आता दुसरा देश, ज्याला त्याने आपलं सगळं दिलं, तेच शब्द पुन्हा म्हणत होता. ज्याला पुन्हा परका व्हायचं नाही, तो माणूस काय काय कबूल करेल, हे सुखरूप घरात बसून ठरवणं सोपं आहे.

त्याला बाहेर काढलं ते अगदी अनपेक्षित माणसाने. सेसिल बी. डमिल हा हॉलिवूडमधला कट्टर उजव्या विचारांचा दिग्दर्शक. त्याने १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्‌स’ मध्ये मोझेसला विरोध करणाऱ्या डेथनची भूमिका रॉबिन्सनला दिली. डमिलनेच घेतलं म्हटल्यावर आता संशय घेणार कोण? रॉबिन्सनने हे उपकार शेवटपर्यंत मानले. त्याच वर्षी तो ‘मिडल ऑफ द नाइट’ या नाटकातून ब्रॉडवेवर परतला. मात्र घर मोडलं. पहिल्या पत्नीपासून, ग्लॅडिस लॉइडपासून घटस्फोट झाला आणि वाटणीसाठी सगळा चित्रसंग्रह विकावा लागला. १९५७ साली ग्रीक जहाजमालक स्टाव्ह्रॉस नियार्कोस याने तीस लाख डॉलरहून अधिक देऊन तो उचलला. भिंती रिकाम्या झाल्या. पुढे दुसरं लग्न झालं, आणि रॉबिन्सनने पुन्हा चित्रं जमवायला सुरुवात केली.

म्हातारपणातही तो थांबला नाही. १९६२ साली आफ्रिकेत शूटिंग चालू असताना हृदयविकाराचा झटका आला, त्यातून उठला. १९६५ च्या ‘द सिनसिनाटी किड’ मध्ये तो पत्त्यांचा मुरलेला खेळाडू झाला, समोर त्या काळचा लाडका नायक स्टीव्ह मॅक्वीन. शेवटच्या डावात सगळ्यांना वाटतं, आता म्हातारा हरणार. रॉबिन्सन पान उलटतो आणि सगळं टेबल थंड पडतं. चेहऱ्यावर विजयाची एक रेषही नाही, फक्त पुरता थकवा. त्या एका दृश्यासाठी त्याने चाळीस वर्षं ‘थांबून बघण्या’ची साधना केली होती असं वाटतं.

१९७२ साली त्याने शेवटचा सिनेमा केला, ‘सॉयलेंट ग्रीन’. गोष्ट घडते २०२२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये. शहरात ४ कोटी माणसं, अन्न नाही, झाडं नाहीत, हवा कोंदट. रॉबिन्सन यात सॉल रॉथ झाला आहे. जुनं जग आठवणारा, पुस्तकं सांभाळणारा म्हातारा. एका प्रसंगात त्याचा तरुण सोबती, म्हणजे चार्लटन हेस्टन, कुठूनतरी खरं मांस, खरी भाजी, सफरचंद घेऊन येतो. मांसाचा तुकडा हातात घेतल्यावर सॉलला रडू फुटतं. मग दोघे जेवायला बसतात. सफरचंदही खातात. शब्द जवळजवळ नाहीतच. शूटिंगच्या वेळी रॉबिन्सनला ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. संवादांची लय लक्षात ठेवून तो बोलत होता. त्याला कर्करोग झाला होता.

सॉलच्या मृत्यूचा प्रसंग पाहताना हे माहीत असलं, की छाती भरून येते. या जगात जगायला कंटाळलेल्या माणसाला सरकार एका इमारतीत शांतपणे मरू देतं. सॉल तिथे जातो, त्याला पलंगावर झोपवतात, आवडतं संगीत लावतात आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर एकेकाळची पृथ्वी दिसू लागते. फुलांची शेतं, हरणं, समुद्र, सूर्यास्त. काचेपलीकडून हेस्टन पाहतो आणि त्याचे डोळे भरतात. हेस्टनने नंतर सांगितलं, की रॉबिन्सन मरणाच्या दारात आहे हे त्याला माहीत होतं, आणि ते अश्रू अभिनयाचे नव्हते. रॉबिन्सन २६ जानेवारी १९७३ रोजी गेला. दोन महिन्यांनी ऑस्करच्या समारंभात त्याला मानद पुरस्कार दिला गेला. तो त्याच्या पत्नीने स्वीकारला.

मला तो पुरस्कार आठवत नाही, तो पलंग आठवतो. बंदुकीच्या बाराला मिटणारे, पट्टी लावून उघडे ठेवावे लागलेले, सेझान आणि व्हॅन गॉग यांच्यासमोर तासन्‌तास थांबलेले ते डोळे. त्या शेवटच्या प्रसंगात कोणी पापण्या ताणून धरलेल्या नाहीत. सॉल पडद्यावरच्या पाण्याकडे, फुलांकडे बघतो आणि डोळे मिटायला तयार होत नाही, कारण एवढं सुंदर काही शेवटचं दिसतंय. सबंध आयुष्य ‘आणखी’ मागणाऱ्या माणसांच्या भूमिका केलेल्या त्या नटाच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदा आणि शेवटी, पुरेसं मिळाल्याचं समाधान आहे.